आपल्या पेठेतली चांगली इमारत आपणच ओळखायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात कट्ट्यावर, तालमीत, ग्रुपवर, कुठंही हा विषय काढला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, जो प्रश्न जास्त वेळा आला तो वर.

हे नक्की काय करायचंय?

आपल्या भागातली एखादी इमारत, वाडा, दुकान, शाळा, घाट, पूल, अगदी बसस्टॉपसुद्धा, जो वापरायला सोयीचा आहे, बघायला बरा वाटतो आणि शेजाऱ्याला त्रास देत नाही, तो तिथं राहणाऱ्या लोकांनीच शोधायचा, का चांगला आहे ते लिहायचं, फोटो आणि मापं काढून ठेवायची आणि ज्यानं बांधला, ज्यानं सांभाळला त्याचं चारचौघात कौतुक करायचं. ह्याला पुरस्कार म्हणा, यादी म्हणा, नावात काय नाही.

ह्यासाठी आर्किटेक्ट लोक आहेत की. आम्हाला त्यातलं काय कळतंय?

कळतंय. खासबागेच्या कुस्ती मैदानात पायऱ्यांवर बसलेल्या निम्म्या पब्लिकनं आयुष्यात लांग नेसलेली नसते, पण कुठला डाव बसला आणि कोण नुसता टाइम काढतोय हे त्यांना बरोबर कळतं.

आणि कोल्हापूरकरानं तर हा प्रश्न विचारूच नये. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, ह्या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. आता दरवेळी काय होतं ते आठवा. किरणं कुठपर्यंत पोचली ह्याची पेपरात बातमी, पोचली नाहीत तर ढग आडवे आले का धूर-धुकं होतं का कुणाच्या टेरेसवरची टाकी, होर्डिंग, वाढवलेला मजला आडवा आला ह्यावर आठवडाभर चर्चा, आणि मग ते अडथळे काढा म्हणून निवेदनं. म्हणजे देवळाची दिशा आणि समोरच्या रस्त्यावरच्या इमारतींची उंची ह्यांचा काय संबंध असतो हे इथं महाद्वार रोडवर बांगड्या विकणाऱ्या मावशींनाही माहिती आहे. आर्किटेक्चर कॉलेजात हे शिकवायला सेमिस्टर लागतं. आपण ही नजर फक्त अंबाबाईच्या देवळापुरती वापरतो आणि आपल्या गल्लीत शिरलो की बंद करतो, एवढाच प्रॉब्लेम आहे.

आर्किटेक्ट लागतातच, पण नंतर. मापं घ्यायला, नकाशा काढायला, ही भिंत धोकादायक आहे का नुसती जुनी दिसते हे सांगायला. कुठली इमारत बघायची हे सांगायला मात्र तिथला माणूस पाहिजे.

फक्त जुन्या इमारतीच का?

नाही. नवीनही चालतील, पण एकच अट, इमारतीनं चार-पाच पावसाळे काढलेले असावेत. उद्घाटनाच्या दिवशी सगळंच चकाचक असतं. तिसऱ्या पावसाळ्यात गळती कुठं आहे, ओल कुठं चढली, जिन्यात पाणी साठतंय का, हे बघितल्यावर बोलू.

राजवाडा, टाउन हॉल, देवळं, ह्यांची नावं कशी काय नाहीत?

कारण त्यांना आपल्या शिफारशीची गरज नाही. नवा राजवाडा १८७७ ते १८८४ मध्ये बांधला, मेजर चार्ल्स मॅन्टनं डिझाइन केला, टाउन हॉल त्याचाच, सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलची जुनी दगडी इमारतही त्याचीच, हे सगळं पुस्तकात आहे, टुरिस्ट येतात, फोटो काढतात. आपल्याला शोधायचंय ते पुस्तकात नसलेलं.

तरी सीपीआरबद्दल एक सांगतो, कारण हे कुणी लिहीत नाही. पेशंट आत वॉर्डात असतो आणि गावाकडनं आलेले चार-पाच नातेवाईक बाहेर. भर मे महिन्यात त्या जुन्या दगडी व्हरांड्यात जाऊन टेका. कमानीतनं वारा येतो, उंच छत, जाड भिंत, ऊन आतपर्यंत येत नाही, माणसं चटई टाकून डबा खातात, एखादी आज्जी झोपलेली असते. आता कुठल्याही नव्या हॉस्पिटलात जाऊन बघा, नातेवाइकांना बसायला लिफ्टसमोर चार स्टीलच्या खुर्च्या आणि त्याही एकमेकांना जोडलेल्या, आडवं व्हायची सोय नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पेशंटबरोबर माणसं येणार हे धरून जागा सोडली होती का नव्हती माहीत नाही, पण जागा आहे आणि लोक वापरतात. चांगलं डिझाइन ओळखायचं म्हणजे हे असं बघायचं, कमान कुठल्या शैलीतली आहे हे नंतर.

"चांगली" म्हणजे काय? निकष सांगा की.

कागदावर निकष टाकले की लोक निकषाला धरून उत्तरं लिहितात, परीक्षेसारखी. म्हणून आम्ही मार्क वगैरे ठेवत नाही, प्रश्न ठेवतो. उन्हाळ्यात दुपारी दोनला आत पंख्याशिवाय बसवतंय का? पावसात छत्री मिटायला, चप्पल काढायला दारात जागा आहे का, का थेट रस्त्यावर? म्हातारं माणूस कुणाचा हात न धरता आत जाऊ शकतं का? रस्त्याला त्या इमारतीनं काय दिलं, एखादी पायरी, कट्टा, सावली, झाड, का नुसतं शटर आणि जनरेटरचा धूर? बिघडलं तर गावातला मिस्त्री दुरुस्त करू शकतो का, का पार्ट बाहेरनं मागवायला लागतो?

आणि कोल्हापुरात एक प्रश्न जास्तीचा: पुरात काय झालं?

हे बाहेरच्या कुठल्याच पुरस्काराच्या फॉर्मवर नसतं आणि आपल्याकडं ते पहिलं पाहिजे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे इथल्या पोरांनाही पाठ आहे, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत तेच. तर पूरपट्ट्यातल्या गल्लीत जाऊन बघायचं की कुणाचं जोतं उंच आहे, कुणी मीटर आणि बोर्ड छातीच्या वर घेतलेत, कुणाच्या भिंती पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांत वाळल्या आणि कुणाच्या अजून पोपडे टाकतायत, सामान वर न्यायला जिना आतनं आहे का बाहेरनं. दगडी जोत्याची, आत सागवानी खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभे असलेली जुनी घरं ह्यात बऱ्याचदा भारी ठरतात, कारण लाकूड जमिनीला टेकतच नाही, आणि चुन्याची भिंत ओल धरते तशी सोडतेही. उलट वरनं टाइल आणि प्लॅस्टिक पेंट मारलेल्या भिंतीत पाणी अडकून बसतं. सगळ्याच जुन्या घरांचं असं नाही, मातीच्या भिंतीची घरं ह्याच पुरात बसली हेही खरंय. म्हणून तर प्रत्येक घर जाऊन बघायचं.

पूर सोडा, खासबाग मैदानही असंच वापराच्या नजरेनं बघा. १९१२ चं. छत्रपती शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते तेव्हा रोमचं कोलोसियम बघून त्यांच्या डोक्यात हे आलं असं सांगतात. पण आत काय आहे? मध्ये आखाडा आणि चारी बाजूनं उतरत येणारी बसायची जागा, मध्ये एकही खांब नाही, त्यामुळं सगळ्यात मागच्या, फुकट घुसलेल्या माणसालाही कुस्ती दिसते. हजारो लोकांची सोय मातीच्या उतारानं केलीय. ह्याच्यापेक्षा कमी मटेरियलमध्ये जास्त काम केलेली वास्तू ह्या गावात मला तरी दिसलेली नाही.

मतदान घेऊया का? ऑनलाइन पोल?

नको. प्लीज नको. कोल्हापुरात पोल टाकला की फुटबॉलसारखं पाटाकडील विरुद्ध दिलबहार होतं, इमारत राहते बाजूला आणि रात्री बारापर्यंत पोरं लिंक फिरवत बसतात. नावं सुचवायला सगळ्यांनी सुचवावीत, मत मात्र जाऊन बघितल्यावरच. आम्ही पाळतो ती पद्धत अशी: ज्यानं नाव सुचवलं तो सोबत येतो, दुसऱ्या पेठेतले दोन-तीन जण येतात, त्यात एक तरी बाई, एक तरी म्हातारं माणूस आणि जमलं तर एक आर्किटेक्चरचा विद्यार्थी. बाई का, तर स्वयंपाकघर, मोरी, संडास आणि जिन्यातला उजेड ह्याबद्दल पुरुष काही बोलतच नाहीत, समोरचा दर्शनी भाग बघून "वा वा" करून चहा पिऊन येतात.

जाऊन बघणं हे काय आपलं फॅड नाही. आगा खान पुरस्कार जगातला मोठा आर्किटेक्चर पुरस्कार आहे, त्यातही निवडलेल्या प्रत्येक इमारतीवर माणूस पाठवून तपासणी होते, राहणाऱ्यांशी बोलतात. १९९८ ला तो पुरस्कार आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलला मिळाला होता, नॉर्वेच्या दोन आर्किटेक्टनी स्थानिक दगड-विटांत बांधलेलं, साधं. महाराष्ट्रात किती जणांना माहिती आहे ते? ब्रिटनमध्ये सिव्हिक ट्रस्टचे पुरस्कार १९५९ पासून आहेत, त्यात इमारतीनं आसपासच्या लोकांचं काय भलं केलं हे बघतात.

नाव सुचवायचं तर फॉर्म भरायचा का?

फॉर्म ठेवला की फक्त शिकलेले आणि रिकामे लोक भरतात. व्हॉइस नोट टाका. कुठं आहे, तुम्ही ती कशी वापरता, काय आवडतं, काय खटकतं, दोन-तीन मिनिटं बोला. एक फोटो रस्त्यावरनं, एक आतनं, एक तुम्हाला आवडणाऱ्या कोपऱ्याचा. खटकतं ते नक्की सांगा, नुसतं कौतुक असलं की आम्हाला डाऊट येतो.

मालकाला न विचारता नाव टाकलं तर चालेल?

बाहेरनं सुचवा, पण यादीत टाकायच्या आधी मालक आणि राहणारे दोघांनाही विचारायचं. भाडेकरू-मालक केस चालू असेल तर थांबायचं, आपण कुणाच्या कोर्टातला पुरावा व्हायचं नाही.

यादीत नाव आलं की घर पाडता येत नाही, विकता येत नाही, हे खरं का?

ही भीती सगळ्यात मोठी आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही, म्हणून नीट सांगतो.

आपली लोकांची यादी म्हणजे कायदा नाही. त्यानं कुठलंही बंधन येत नाही, उद्या घर विका, पाडा, आम्ही फार तर हळहळू.

महापालिकेची हेरिटेज यादी वेगळी. ती नगररचनेच्या नियमांत येते, त्यात ग्रेड असतात. ग्रेड एकला जवळजवळ हात लावता येत नाही, दोनमध्ये आतून विचार करून बदल करता येतात, तीनमध्ये त्याहून मोकळीक असते, आणि बदल करायचा तर समितीची परवानगी. विकायला बंदी नसते. बांधकामाचा हक्क बुडतो त्याबदल्यात टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडं वापरायची किंवा विकायची, तरतूद आहे, आता तो हातात पडेपर्यंत किती चपला झिजतात तो भाग वेगळा. तिसरं म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं, पन्हाळा, खिद्रापूरचं कोपेश्वर वगैरे. तिथं १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढं आणखी २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही.

पन्हाळ्याचंच बघा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे, आपल्याला अभिमान वाटला. पण त्याच्या आधी गडावर राहणाऱ्या लोकांना आपल्या घरांचं, धंद्याचं काय होणार ही धास्ती होती, आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. माझ्या मते ते चूक नव्हते. ज्यांचं घर आहे त्यांना शेवटी सांगायचं आणि वर "वारसा" म्हणून समजावायचं, ही उलटी पद्धत आहे. आधी लोकांनी स्वतः म्हणायला पाहिजे की हे आमचं चांगलंय, मग कागद.

यादी करून शेवटी होतंय काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर, खासबागेला लागून. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिथं उभं होतं, नाटकवाले तर ढसाढसा रडले. आणि लगेच सगळ्यांच्या तोंडी एकच, जसं होतं तसंच परत पाहिजे. जसं होतं तसं म्हणजे कसं होतं? रंगमंचाची उंची किती, लाकडी काम कुठं होतं, बाल्कनीतनं आवाज कसा ऐकू यायचा, विंगेतनं मेकअप रूमला जायची वाट कशी होती? नकाशात काही गोष्टी असतात, बाकीच्या तिथं वर्षानुवर्षं काम केलेल्या बॅकस्टेजवाल्यांच्या डोक्यात आणि लोकांच्या अल्बममध्ये असतात. ते आधीच गोळा केलेलं असलं की पुन्हा बांधताना वाद घालायला आधार मिळतो.

एवढ्या मोठ्या वास्तूची ही गत, तर तुमच्या गल्लीतल्या तालमीचं काय? कौलारू, बुटका दरवाजा, वाकूनच आत जायचं, आत लाल मातीचा हौद, कोनाड्यात मारुती, भिंतीजवळ घासून गुळगुळीत झालेला मल्लखांब. ती पाडून तीन मजली होते, खाली गाळे, वर हॉल, जिम तिसऱ्या मजल्यावर. होऊ दे, पोरांना जिम पाहिजे, मंडळाला भाडं पाहिजे, ह्यात वाईट काही नाही. पण पाडायच्या आधी एक दिवस काढून मापं घ्या, हौदाची खोली लिहा, झरोके कुठं होते ते बघा, कारण नव्या हॉलमध्ये एक्झॉस्ट फॅन लावूनही जो दमट वास जात नाही तो त्या जुन्या खोलीत त्या झरोक्यांमुळं नव्हता.

आणि विरोध करायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं. २०२२ ला जयप्रभा ह्या जुन्या सिनेमा स्टुडिओची जागा वाचवायला कलाकार, तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले, लोक पाठीशी आले, कारण त्या जागेत काय काय घडलं हे लोकांना तोंडपाठ होतं. जे लोकांना माहितीच नाही त्यासाठी कोण बसणार?

गवंडी-मिस्त्रीचं नाव टाकायचं का?

आर्किटेक्टच्या बरोबरीनं टाकायचं. गवंडी, सुतार, दगड घडवणारा पाथरवट, फरशीवाला, सगळे. मिळत नसेल तर शोधा, घरातल्या जुन्या खर्डावहीत मजुरीचा हिशेब असतो, त्यात नावं सापडतात.

अपार्टमेंट पात्र आहे का?

का नाही? आज निम्मं गाव अपार्टमेंटमध्ये राहतंय. जिन्यात दिवसा लाइट लावायला लागत नाही, पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळू शकतात, गेटबाहेर बाकडं आहे, पहिल्या मजल्यावरच्या आज्जीला रस्त्यावरची भाजीवाली दिसते आणि वरनं दोरीला पिशवी सोडता येते, अशी एखादी बिल्डिंग असेल तर आधी तिचं नाव द्या. बिल्डरला पण कळू दे की ह्याचं कौतुक होतं, नाहीतर त्याला वाटतं लोकांना फक्त लॉबीतलं झुंबर पाहिजे.

वाईट इमारतींनाही बक्षीस द्या की, मजा येईल!

ब्रिटनमध्ये एका आर्किटेक्चर मासिकानं २००६ पासून तसं सुरू केलं होतं, वर्षातली सगळ्यात भिकार इमारत, कारबंकल कप नावानं. वाचायला मजा येते. पण आपल्याकडं मालक त्याच गल्लीत राहतो आणि संध्याकाळी त्याच कट्ट्यावर येतो. सरकारी पैशातनं बांधलेल्या बसस्टॉप आणि मुताऱ्यांपुरतं करायला माझी हरकत नाही. उन्हाच्या बाजूला तोंड केलेले, बसायला गोल पाइप असलेले स्टॉप बघितले की हात शिवशिवतात.

कॉर्पोरेशनला कळवायचं का?

हो, पण कौतुकाचं पत्र म्हणून नको. विकास आराखडा किंवा रस्ता रुंदीकरणाची नोटीस निघते तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते, त्या मुदतीत तुमची फोटो-मापांची फाइल नगररचना विभागात इनवर्डला द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. मुदत गेल्यावर दिलेल्या निवेदनाचा पेपरात फोटो येतो, बाकी काही नाही.

कार्यक्रम मोठा करायचा का? पाहुणे कोण?

मंडप, फेटे, दोन तास भाषणं, ह्यात सगळं बजेट जातं. त्याच इमारतीच्या दारात, संध्याकाळी, शेजाऱ्यांना बोलवून करा. बोलायचं तिथं राहणाऱ्यानं आणि बांधणाऱ्यानं, पाहुण्यांनी ऐकायचं.

दारावर पाटी लावायची तर कसली?

छोटी, वहीच्या पानाएवढी. वर्ष, बांधणाऱ्यांची नावं आणि एका ओळीत काय चांगलंय ते. मंडळाचं, नगरसेवकाचं, सौजन्य वगैरे काही नाही, ह्यावर भांडण होणार, होऊ दे. दगडी भिंतीत ड्रिल मारू नका, दगड तडकतो, सांध्यातल्या चुन्यात बारीक स्क्रू घ्या, आणि लोखंडी नको, स्टीलचा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गंजाचा ओघळ पार जोत्यापर्यंत येतो.